३५ मीटरवरचा कीबोर्ड आणि माऊस पाळीत मध्येच बंद पडतो. कारण कसे शोधावे?

प्रश्न — शिरोली_फाउंड्री

नमस्कार मंडळी. आमच्या फाउंड्रीच्या सँड प्लांटवर पॅनेल रूममध्ये एक औद्योगिक संगणक आहे आणि त्यावर स्काडा (प्लांटवर देखरेख आणि नियंत्रण ठेवणारी प्रणाली) चालते. धुळीमुळे ऑपरेटरची केबिन दूर ठेवावी लागली असून केबलच्या मार्गाने हे अंतर सुमारे ३५ मीटर भरते. कॅट-६ या नेटवर्क केबलवरून चालणारा यूएसबी एक्स्टेंडर (यूएसबीचे अंतर वाढवणारी डब्यांची जोडी) आम्ही बसवला आहे. त्याची एक डबी संगणकाजवळ आणि दुसरी केबिनमध्ये आहे. माऊस अचानक गोठतो, कीबोर्डवरचा नम लॉकचा दिवा क्षणभर विझतो आणि काही सेकंदांनी सगळे पूर्ववत होते. कधीकधी मात्र प्लग काढून पुन्हा लावल्याशिवाय काहीच हलत नाही. कीबोर्ड आणि माऊस दोन्ही बदलून पाहिले. तेच कीबोर्ड-माऊस थेट संगणकाला लावले, तर काहीही अडचण येत नाही. कॅट-६ केबल ज्या ट्रेमधून येते, त्याच ट्रेमधून कन्व्हेयरच्या व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटर केबलही जातात. तपासणीची सुरुवात कुठून करावी?

उत्तर — पॅनेल_बिल्डर

थेट लावल्यावर अडचण येत नाही हे तुम्ही सांगितल्यामुळे संगणक, त्याचा पोर्ट आणि उपकरणे यांच्यावरचा संशय बराच कमी होतो. दोष मधल्या ३५ मीटरमध्ये आहे असे धरून पुढे जाऊ.

साध्या यूएसबी केबलची मर्यादा ५ मीटर आहे. बहुतेक माऊस आणि कीबोर्ड ज्या १.५ मेगाबिटच्या कमी वेगावर चालतात, त्या वेगासाठी ती ३ मीटरच धरतात. सिग्नल क्षीण होतो एवढेच यामागचे कारण नाही. संगणक उपकरणाला विचारणा करतो आणि ठरलेल्या अगदी थोड्या वेळात उत्तर आले नाही, तर ती फेरी फुकट गेली असे मानतो. अशा फेऱ्या लागोपाठ फुकट गेल्या की उपकरण निघून गेले असे समजून ते यादीतून काढून टाकतो. चांगला एक्स्टेंडर दोन्ही टोकांना या विचारणा-उत्तरांचा हिशेब स्वतः सांभाळतो. स्वस्त डब्यांपैकी अनेक डब्या फक्त सिग्नल पुढे ढकलतात, त्यामुळे त्यांच्या खोक्यावर छापलेले अंतर कारखान्यात मिळेलच असे नाही.

पहिली तपासणी व्होल्टेजची करा. केबिनमधल्या डबीला स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर नसेल, तर कीबोर्ड आणि माऊस यांची वीज संगणकापासून त्याच बारीक तारांमधून येते. २४ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण ८४ ओहम असतो. जाऊन-येऊन ७० मीटर तार धरली, तर एका जोडीवर जवळपास ६ ओहम होतात. दोन्ही उपकरणे मिळून २०० मिलिअँपिअर घेतात असे मानल्यास १.२ व्होल्ट वाटेतच पडतात आणि ५ व्होल्टचे ३.८ उरतात. एक्स्टेंडर विजेसाठी दोन जोड्या वापरत असेल, तर ही घट निम्मी होते; केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असेल, तर ती आणखी वाढते. अशी केबल बाजारात कॅट-६ म्हणून सर्रास विकली जाते, म्हणून तारेचे टोक खरवडून आतला रंग नक्की पाहा. मोजमाप कीबोर्ड-माऊस जोडलेले असताना केबिनच्या टोकाला करा, कारण भार नसताना मीटर ५ व्होल्टच दाखवेल.

दुसरी तपासणी वेळेची. ऑपरेटरला प्रत्येक बिघाडाची घड्याळी वेळ वहीत लिहायला सांगा आणि ती ड्राइव्ह सुरू-बंद झाल्याच्या स्काडातील नोंदींशी ताडून पाहा. संगणक लिनक्सवर असेल, तर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींमध्ये ‘डिसेबल्ड बाय हब (ईएमआय?)’ अशी ओळ शोधा. विद्युत-चुंबकीय व्यत्ययाची शंका तिथे स्वतः कर्नलच प्रश्नचिन्हासह व्यक्त करतो. त्यानंतर एक पाळीभर कॅट-६ची तात्पुरती केबल ट्रे सोडून, मोटर केबलपासून दूर, जमिनीवरून टाकून पाहा. या चाचणीइतका स्वच्छ निकाल दुसरी कोणतीही चाचणी देत नाही.

उत्तर — स्काडा_सेवा

विंडोज असल्यास पॉवर ऑप्शन्समधील ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधील वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याच्या परवानगीची खूण काढा. ऑपरेटरने बराच वेळ हात न लावल्यावरच माऊस जात असेल, तर दोष बहुधा इथेच असतो. एक्स्टेंडरची केबल वाटेत एखाद्या नेटवर्क स्विचमधून जात नाही ना, हेही पाहा. थेट तारेवर चालणाऱ्या डब्यांचा सिग्नल इथरनेटचा नसतो, त्यामुळे त्या स्विचमधून चालत नाहीत.

शिरोली_फाउंड्री

दोघांचेही मनापासून आभार. केबिनच्या टोकाला ४.१ व्होल्ट मिळाले. अ‍ॅडॉप्टर लावल्यावर प्लग काढून लावण्याची वेळ येणे थांबले आहे, पण कन्व्हेयरचा ड्राइव्ह सुरू होताना माऊस अजूनही गोठतो. जमिनीवरून टाकलेल्या केबलवर मात्र पूर्ण पाळीत एकदाही बिघाड झाला नाही. कायमचा वेगळा ट्रे टाकणे खर्चिक आहे. त्याच ट्रेमध्ये शील्ड (व्यत्यय अडवणारे धातूचे आवरण) असलेली केबल टाकली, तर भागेल का?

उत्तर — पॅनेल_बिल्डर

म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळे दोष एकत्र नांदत होते. त्यातला विजेचा दोष गेला आणि व्यत्ययाचा उरला.

शील्डने फरक पडेल, पण मी त्यावर विसंबणार नाही. पॅनेल रूम आणि केबिन यांच्या अर्थिंगमध्ये विभवांतर असेल, तर दोन्ही टोकांना जोडलेल्या शील्डमधून प्रवाह वाहू लागतो. एकच टोक जोडले, तर उच्च वारंवारतेच्या व्यत्ययाविरुद्ध शील्डचा उपयोग फारच थोडा उरतो. ट्रे बदलता येत नसेल, तर फायबरवर चालणारा यूएसबी एक्स्टेंडर घ्या. काचेच्या तंतूवर ड्राइव्हचा व्यत्यय चढत नाही आणि दोन्ही टोकांमध्ये विद्युत जोडणीच राहत नाही. फायबर नको असेल, तर निदान मोटर केबलपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवा आणि जिथे ओलांडणे टळत नाही तिथे काटकोनात ओलांडा.

मोटर केबलकडेही लक्ष द्या, कारण व्यत्ययाचा उगम तिथे आहे. ती स्क्रीनची (म्हणजे शील्ड असलेली) असावी आणि तो स्क्रीन ड्राइव्ह व मोटर या दोन्ही टोकांना सभोवार क्लँपने आवळलेला असावा. वेणीसारखा पिळून एका टर्मिनलला जोडलेला स्क्रीन पुरेसा ठरत नाही. आज माऊस गोठतो आहे, पण त्याच ट्रेमध्ये सेन्सरच्या मापाचा ४-२० मिलिअँपिअरचा सिग्नल नेणाऱ्या किंवा एन्कोडरच्या (फिरण्याचे माप देणाऱ्या उपकरणाच्या) तारा असतील, तर त्यांची मापेही डळमळत असणार आणि ते कोणाच्या लक्षात येत नसणार.

शेवटी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. केबिनमधून कन्व्हेयर थांबवण्याची सोय सध्या फक्त माऊसवर अवलंबून असेल, तर एक्स्टेंडरची ऑर्डर देण्याआधी तिथे आपत्कालीन बटण बसवा आणि त्याची तार स्काडामार्गे न नेता थेट सुरक्षा रिलेला (यंत्र थांबवणाऱ्या स्वतंत्र सुरक्षा स्विचला) जोडा.