अनुभव धागा: जोडीदाराचं आजारपण आणि घरातले दिवस

माझ्या बायकोच्या केमोचं चौथं चक्र सुरू आहे. गेल्या तीन महिन्यांत जो भेटला त्याने आजाराबद्दल विचारलं. कुठली स्टेज, कुठलं औषध, डॉक्टर काय म्हणतात. घरात दिवस कसा जातो हे कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नाही. म्हणून इथे बसून लिहू या. नवरा किंवा बायको मोठ्या आजाराने घरात असताना सकाळ कशी उजाडते, रात्र कशी सरते, कशावरून चिडचिड होते, कशाने बरं वाटतं. उपचार कृपया सुचवू नका, ते ज्याचे त्याचे डॉक्टर बघतील. सुरुवात मी करतो.

आमचं चक्र तीन आठवड्यांचं. केमोनंतर पहिले दोन दिवस स्टिरॉइडमुळे ती टक्क जागी असते, कपाटं आवरायला काढते. तिसऱ्या दिवशी जी आडवी होते ती चार-पाच दिवस उठत नाही. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या मध्ये पांढऱ्या पेशी तळाला जातात, आणि तो आठवडा मी थर्मामीटर खिशात घालून फिरतो. आम्हाला बजावून सांगितलंय: १००.४ फॅरनहाइट दिसलं की तापाची गोळी देऊन वाट बघायची नाही, रात्र असो की पहाट, निघायचं. दुसऱ्या चक्रात रात्री दीड वाजता १००.६ आला. ती म्हणाली, "सकाळपर्यंत बघू." मी तिला हाताला धरून उठवलं. चार दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक चालू होतं. तेव्हापासून दाराशी एक भरलेली पिशवी असते: फाइल, चार्जर, तिचे मोजे, तिची लहान उशी.

तिला वास सोसत नाहीत. गरम अन्नाचा वास जास्त येतो, म्हणून सगळं निवल्यावर देतो. धातूचा चमचा तोंडात घेतला की गंज चाटल्यासारखं लागतं म्हणाली, तेव्हापासून लाकडी चमचा.

आणि बटणं. बोटांच्या टोकांना मुंग्या येऊन बधिरपणा आलाय, तिला बटणं लावता येत नाहीत. पहिल्या दिवशी मी बटणं लावत होतो तेव्हा ती माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत उभी राहिली. तिच्या गळ्याची शीर उडत होती, मला ती दिसत होती. दोघंही काही बोललो नाही. आता महिना झाला. आता त्या दोन मिनिटांत ती बोलते, कुणाचं लग्न ठरलं, मी शर्ट कसा चुरगाळलेला घातलाय. आजाराचं काही नाही. सव्वीस वर्षांत आम्ही इतक्या जवळ उभं राहून रोज बोललो नव्हतो.

*

आमच्याकडे डायलिसिस. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास, तीन वर्षं झाली. लोकांना वाटतं मशीनचे दिवस कठीण. मला मधले दिवस कठीण वाटतात, कारण मधल्या दिवसांत पाणी मोजायचं असतं.

नवऱ्याला दिवसभरात किती प्यायचं ते ठरवून दिलंय. त्यात पाणी, चहा, गोळ्यांबरोबरचा घोट, पातळ म्हणून जे जे पोटात जाईल ते सगळं आलं. आमची पद्धत अशी: सकाळी तेवढ्या मापाची बाटली भरून ठेवायची, त्याने बाहेरून काहीही प्यायलं की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकायचं. बाटली मी सांभाळायचे. एकदा न्हाणीघराच्या नळाखाली ओंजळ धरून पिताना मी त्याला पाहिलं. मी ओरडले, नाही नाही ते बोलले. तो ओंजळ तशीच धरून उभा राहिला, पाणी गळून गेलं. म्हणाला, "तहान लागते गं." चार शब्दही नव्हते. त्या रात्री मी बाटली त्याच्या हातात दिली. काट्यावर तो स्वतः उभा राहतो, दोन डायलिसिसमध्ये वजन किती वाढलं ते वहीत स्वतः लिहितो. कधी जास्त भरतं. मी वही बघत नाही. त्या आकड्याचा हिशेब त्याचा आणि डॉक्टरांचा, एवढं मला समजायला वर्ष लागलं.

डाव्या हाताला त्याची फिस्टुला आहे, डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलेली. त्या हाताचं बीपी घ्यायचं नाही, रक्त काढायचं नाही, जड उचलायचं नाही, झोपेत तो हात अंगाखाली यायला नको. तिथे बोट ठेवलं की मांजर गुरगुरतं तशी थरथर लागते. ती थांबली तर लगेच जायचं. रोज तपासा असं सांगितलेलं आहे म्हणून मी झोपण्याआधी हात ठेवायला लागले. आता तपासायचं झालं तरी हात तिथेच राहतो.

मशीनवर नवा माणूस घाबरून बसला की शेजारच्या खुर्चीवरून हा त्याला विलेम कोल्फची गोष्ट सांगतो. युद्ध चालू असताना, १९४३ मध्ये, नेदरलँड्समधल्या या डॉक्टराने सॉसेजला वापरतात ती सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळून डायलिसिसचं यंत्र केलं, रुग्णामागून रुग्ण गेले तरी सोडलं नाही, आणि १९४५ मध्ये एक सदुसष्ट वर्षांची बाई शुद्धीवर आली. मी ही गोष्ट पन्नासदा ऐकली असेन. "आणि बाई शुद्धीवर आली" म्हणताना त्याचा आवाज दर वेळी तसाच चढतो.

*

लिहायला फार नाही. बायकोचं हृदय पुरेसं पंप करत नाही. रोज सकाळी वजन, कारण पाणी साठू लागलं की ते आधी काट्यावर दिसतं. सपाट झोपलं की दम लागतो, म्हणून ती दोन उशांवर झोपते. तिसरी मागितली की मी तिला काही विचारत नाही, बाहेर जाऊन डॉक्टरांना फोन करतो.

*

माझ्या ह्यांना दीड वर्षापूर्वी पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं जवळजवळ सगळं. बोलता येत नाही. एकच शब्द राहिलाय: "उद्या." भूक लागली तरी उद्या, खिडकी लावायची तरी उद्या, राग आला तरी उद्या. पहिला महिनाभर मला वाटायचं हे उद्याचं काहीतरी सांगतायत आणि मी कॅलेंडर घेऊन बसायचे. मग स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितलं की १८६१ मध्ये पॉल ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी अशाच एका रुग्णाबद्दल लिहून ठेवलंय, तो फक्त "तां" एवढंच बोलायचा. त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात इजा सापडली, आणि वाचेचा संबंध त्या जागेशी आहे हे तिथून पुढे आलं. मला त्या माणसाबद्दल ऐकून रडू आलं आणि बरंही वाटलं. हे एकटे नाहीत. आता मी शब्द ऐकत नाही, चाल ऐकते. भुकेचं "उद्या" लांबट असतं, रागाचं तुटक.

गंमत वाटेल, पण हे पाढे म्हणू शकतात. बे एके बे सुरू करून दिलं की बे दाहे वीसपर्यंत न अडखळता. मध्येच थांबवून "दोन म्हणा" म्हटलं की येत नाही. पाठ झालेलं, सवयीने येणारं बोलणं पुष्कळदा शाबूत राहतं, असं बाई म्हणाल्या. एटीएमच्या चार आकड्यांचंही तेच. सगळे व्यवहार ह्यांच्याकडे, मला काहीच माहीत नव्हतं. त्यांना आकडे सांगता येईनात, लिहिता येईनात. शेवटी व्हीलचेअर यंत्रासमोर नेली. डावा हात वर गेला, बोटं फिरली, पैसे आले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, पक्षाघातानंतर पहिल्यांदा मला माझा नवरा दिसला.

कामं सांगते. सुरुवातीचे चार महिने दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. माकडहाडाजवळ लालसर दिसलं की बोटाने दाबून बघायचं. बोट काढल्यावर लाली तशीच राहिली तर तिथे जखम सुरू होतेय असं धरायचं आणि त्या जागेवर भार येऊ द्यायचा नाही. साधं पाणी पिताना ठसका लागायचा, ते श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून घट्ट करून चमच्याने द्यायचं, जेवताना ताठ बसवायचं आणि नंतरही अर्धा तास आडवं करायचं नाही. ही सगळी कामं येतात हळूहळू. हात शिकतात.

न शिकता आलेलं एक आहे. लोक यांच्यासमोर मला विचारतात, "आता कसे आहेत ते?" हे तिथेच बसलेले असतात! मी सुरुवातीला उत्तर द्यायचे. एके दिवशी हे मान वळवून भिंतीकडे बघायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय करतेय. आता मी म्हणते, "त्यांनाच विचारा," आणि गप्प बसते. बहुतेक जण घाईघाईने निघतात. ह्यांचे एक जुने सहकारी मात्र खुर्ची ओढून बसले आणि तासभर ऑफिसच्या गोष्टी सांगत राहिले. मधून मधून थांबायचे, हे "उद्या" म्हणायचे, ते म्हणायचे, "अगदी बरोबर, मीही साहेबांना तेच सांगितलं." मी आत जाऊन सहा महिन्यांत पहिल्यांदा दुपारची झोपले.

*

वरचे अनुभव सोबत करणाऱ्यांचे आहेत. मी पलीकडच्या बाजूने लिहिते. पार्किन्सन्स मला आहे, नऊ वर्षं. नवरा सांभाळतो.

दारातून जाताना माझे पाय जमिनीला चिकटतात. मेंदू म्हणतो चल, पाय ऐकत नाहीत. मागून कुणी "चल, चल" म्हटलं की आणखी चिकटतात. नवऱ्याने प्रत्येक दारापाशी जमिनीवर पावलाच्या अंतराने रंगीत पट्ट्या लावल्या. सपाट जमिनीवर न उचललेला पाय पट्टी ओलांडायला उचलतो. गोळ्यांच्या वेळा तो अलार्म लावून पाळतो, कारण अर्धा तास चुकला तरी माझी दुपार जाते. हे सगळं तो मनापासून करतो.

पण आम्हाला सगळ्यात जास्त त्रास माझ्या चेहऱ्याचा झाला. या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात, चेहरा कोरा दिसतो. तो काही आणायचा, दाखवायचा, आणि माझ्या तोंडावर काही उमटायचं नाही. मग तोही काही दाखवेनासा झाला. दोन वर्षं तो समजत होता की मी त्याच्यावर नाराज आहे, आणि मी समजत होते की तो माझ्याने कंटाळला. डॉक्टरांनी चेहऱ्याचं सांगितलं तेव्हा तो तिथेच रडला. आता मी तोंडाने सांगते: "मी आत्ता खूश आहे." आधी विचित्र वाटायचं. माझा आवाजही लहान झालाय, म्हणून तो वाकून ऐकतो.

सांभाळणाऱ्यांना एकच मागणं, आमचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. वेळ लागतो, पण शेवटचा शब्द आमचा असू द्या.

*

माझा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. शेवटचे अडीच महिने घरीच होता, मॉर्फिनवर. लोक या औषधाच्या नावाला घाबरतात, मीही घाबरले होते. नीट मापात दिलेल्या मॉर्फिनने तो शुद्धीवर राहून वर्तमानपत्र वाचू शकला. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत लागतं, हे कुणी नीट न सांगितल्यामुळे आमचे पाच दिवस फार हालात गेले.

मी दर चार तासांनी विचारायचे, "दहापैकी किती दुखतंय?" आणि वहीत लिहायचे. एका रात्री सात म्हणाला. नेहमीच्या डोसांमधला जादा डोस दिला, तासाने पुन्हा सात. सकाळी नर्स आली, तिने वही चाळली आणि मला बाहेर घेऊन विचारलं, "त्यांना काळजी कसली आहे?" तिने सिसिली सॉन्डर्स यांचं नाव घेतलं, लंडनमध्ये १९६७ मध्ये हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारं रुग्णालय, सुरू करणाऱ्या. त्या म्हणायच्या की दुखणं शरीरापुरतं नसतं, मनाचं, माणसांचं, पैशाचं सगळं मिळून दुखतं.

मी आत जाऊन त्याला तेच विचारलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पाण्याची मुख्य तोटी कुठे बंद करायची ते तुला माहीत नाही." मला हसावं की रडावं कळेना. ती सकाळ आम्ही घरात घालवली. तो पलंगावरून सांगत होता, मी फिरत होते. तोटी, फ्यूज, विम्याचे कागद, कुठल्या कुलपाची किल्ली उलटी फिरते. तोटी मी तीनदा बंद करून उघडून दाखवली, नळ थांबल्याचं त्याला कानाने ऐकायचं होतं. संध्याकाळी विचारलं तेव्हा चार म्हणाला. डोस तोच होता.

*

पक्षाघाताबद्दल लिहिलेल्या ताईंना विचारायचं आहे. माझी बायकोही अंथरुणाला आहे, कूस मीच बदलतो. पंधरा दिवसांत माझी पाठ धरलीय. काही चुकतंय का?

*

दादा, ओढून वळवत असाल तर पाठ धरणारच. ज्या कुशीवर वळवायचं त्या बाजूला तुम्ही उभे राहा. पलीकडचा गुडघा दुमडून घ्या, पलीकडचा हात छातीवर ठेवा. मग खांदा आणि कंबर धरून आपल्याकडे वळवा. लुळा हात धरून कधीही ओढू नका, खांदा निखळतो. पलंग खाली असेल तर एक गुडघा पलंगावर टेकवा, म्हणजे वाकावं लागत नाही. वळवून झालं की पाठीमागे एक उशी आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये एक. आणि स्वतःची पाठ डॉक्टरांना दाखवून घ्या, पुढे ढकलू नका.

वळवण्याआधी त्यांना सांगा, "आता वळवतोय." झोपेत अचानक हलवलं की अंग ताठ होतं आणि वजन दुप्पट लागतं. आमच्याकडे आम्ही दोघं मिळून मोजतो. मी "एक" म्हणते, "दोन" आणि "तीन" हे स्वतः म्हणतात, आणि तीनला डाव्या हाताने माझा खांदा धरतात.