अनुभव धागा: भीतीच्या भरात घेतलेले निर्णय

रेवा_नागपूर: अहमदाबादच्या विमान अपघाताची (१२ जून २०२५) दृश्ये काल पुन्हा पाहिली आणि आठवले की, त्या आठवड्यात आमच्या नात्यातील तिघांनी पुण्याची विमानतिकिटे रद्द करून रात्रीच्या खासगी बसने जाणे पसंत केले होते. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली, हे मी सांगितले, काकू म्हणाल्या, "तू आकडे सांग, मला ते जळलेले वसतिगृह दिसते." आपलेही असे अनुभव लिहावेत.

वऱ्हाडी_वाटसरू: नागपूर–पुणे खासगी बस! १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पेटून पंचवीस प्रवासी गेले, ती बस याच मार्गावरची होती. तेव्हा आमच्याकडे "समृद्धी नको" असा घोष चालला होता. नवे भय आले की जुने निवृत्त होते, निवृत्तिवेतनाशिवाय.

मधुरा: रेवाताई, रद्द तिकिटांचे पैसे मिळाले का?

रेवा_नागपूर: अर्धेच. काकूंना त्याचे दुःख अधिक आहे.

औसेकर: भीती नेहमीच चुकते, असे मात्र मी म्हणणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आमच्या आजोबांनी दगडी माळवदाच्या घरात झोपणे कायमचे सोडले आणि पत्र्याच्या खोलीत उन्हाळे काढले. जड मातीचे छत आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती यांनी माणसे गाडली, हे खरेच होते. मात्र भिंतीच्या आरपार जाणारे दगड बसवून आणि छताचा भार उतरवून तेच घर बळकट करता येते, हे अभियंत्यांनी समजावूनही त्यांना पटले नाही. दोष बांधणीचा असला, तरी मनाने तो दगडाच्या माथी मारला होता.

साक्रीचा_मास्तर: माझा विषय अधिक कडू आहे. १ जुलै २०१८ रोजी आमच्या तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. त्या काळात देशभर फिरणारी एक चित्रफीत कराचीतील जनजागृतीपटाची होती. शेवटी मूल परत आणून सोडल्याचा भाग कापलेला होता. त्यानंतर कित्येक महिने शाळेच्या फाटकाशी अनोळखी फेरीवाला दिसला, की पालक मला दूरध्वनी करीत. मुलांना शेततळ्याकडे एकटे पाठवताना मात्र कोणी विचारीत नसे.

मधुरा: सर, तुम्ही पालकांना काय सांगत होता?

साक्रीचा_मास्तर: "कोणाचे मूल, कोणत्या गावचे, केव्हा?" एवढेच विचारीत असे. एकदाही नाव मिळाले नाही. तरी दूरध्वनी चालूच राहिले.