मदत हवी आहे : केमो चालू असताना पतीपत्नींनी जवळ येणे सुरक्षित आहे का?

धागाकर्ती : स्तनाच्या कर्करोगासाठी माझी केमोथेरपी चालू आहे. पहिल्या डोसपासून माझे पती दुसऱ्या खोलीत झोपतात. मला इजा होईल की त्यांना काही होईल, यांतली कोणती भीती आहे हे ते सांगत नाहीत आणि मलाही विचारवत नाही. डॉक्टरांसमोर हा विषय ओठांवर येऊन परत जातो. किती दिवस थांबायचे, एवढेच कोणीतरी स्पष्ट सांगावे.

निशिगंध : कर्करोग संबंधांतून लागत नाही, हे त्यांना आधी सांगा. औषधाचा अंश शरीरातील स्रावांत साधारण ४८ ते ७२ तास राहू शकतो, तेवढे दिवस गेले की काळजी नाही. शेवटचा डोस कधी झाला?

धागाकर्ती : पाच दिवसांपूर्वी, तिसरा.

निशिगंध : मग अडचण कसली?

निवृत्त परिचारिका : अडचण आहे. अनेक औषधांनंतर ७ ते १४ दिवसांच्या सुमारास पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणजे ताईंचा जपण्याचा काळ आता सुरू होतो आहे. प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील तर रक्तस्रावाच्या भीतीने संभोग टाळायला सांगतात. ताई, रक्ताचा शेवटचा अहवाल काय सांगतो, आणि गर्भनिरोधासाठी तुम्ही काय वापरता?

किनारा : माझ्या पत्नीला रेडिएशन दिले होते. बाहेरून दिलेल्या रेडिएशनने शरीर किरणोत्सर्गी होत नाही, त्यामुळे निर्धास्त राहा. कोरडेपणासाठी आम्ही खोबरेल तेल वापरले, तुम्हीही तेच वापरा.

निवृत्त परिचारिका : रेडिएशनबद्दल कोणी विचारलेले नाही, आणि तेलाने लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होऊन फाटू शकतो. पाण्यावर आधारित वंगण घ्यावे.

धागाकर्ती : रक्ततपासणी परवा आहे. पाळी दोन महिने आलेली नाही, म्हणून गर्भनिरोधाचा विचारच केला नव्हता. लागल्याच तर जुन्या गोळ्या घरात आहेत. गाठीच्या अहवालावर ईआर पॉझिटिव्ह लिहिले आहे.

निवृत्त परिचारिका : त्या गोळ्या कृपया घेऊ नका, ईआर पॉझिटिव्ह असताना, म्हणजे गाठ इस्ट्रोजेन या संप्रेरकाला प्रतिसाद देणारी असताना, संप्रेरकांच्या गोळ्या टाळतात. पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो आणि केमोमुळे त्याला अपाय होऊ शकतो, म्हणून कंडोम ७२ तासांपुरता नव्हे, उपचार संपल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने हवा. परवा अहवाल हाती आला की केमोच्या डे-केअरमधील परिचारिकेला हे सगळे विचारा. आम्हाला हा प्रश्न नवा नसतो. मिठी मारायला आणि एका खोलीत झोपायला मात्र अहवालाची वाट पाहण्याची गरज नाही.

धागाकर्ती : हा धागा मी त्यांना वाचायला दिला. आपला हात लागून माझ्या छातीतील केमोचा पोर्ट (औषध देण्यासाठी बसवलेली छोटी डबी) निसटेल, ही भीती त्यांना इतके दिवस होती.

निवृत्त परिचारिका : जखम भरली असेल तर पोर्ट त्वचेखाली नीट बसलेला असतो, मिठीने तो निसटत नाही. त्यावर थेट भार येऊ नये म्हणून त्यांनी तुमच्या पोर्ट नसलेल्या बाजूला झोपावे.