सल्ला हवा: जुन्या पोकलेनवर एकदम तीन सेन्सरचे कोड, तिन्ही बदलायचे का?

जुनं_यंत्र
मंडळी, साधारण २० टनी वापरलेलं पोकलेन घेतलंय. कॉमन रेल इंजिन, २४ व्होल्टचं वायरिंग. थंड असताना झकास चालतं. गरम झालं की चेक लाइट लागतो, रेस चढत नाही आणि भरलेली बकेट उचलायला गेलं की इंजिन दम सोडतं. बंद करून थोडं थांबलं की परत ठीक. मॉनिटरवर एसपीएन १००, १०२ आणि १५७ दिसतात, तिन्हींच्या मागे एफएमआय ४. फिटर म्हणतो तिन्ही सेन्सर गेलेत, नवे टाका. खरंच असे एकदम जातात का?

मल्टिमीटर_काका
नाही जात. नवं काही घेऊ नका अजून.

एसपीएन सांगतो तक्रार कशाबद्दल आहे: १०० म्हणजे ऑइल प्रेशर, १०२ टर्बोनंतरचं बूस्ट प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचं), १५७ रेल प्रेशर (इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या हाय प्रेशर पाइपातलं). लोक एवढंच वाचतात आणि दुकान गाठतात. खरी बातमी मागच्या एफएमआयमध्ये, म्हणजे दोषाच्या प्रकारात असते. ३ म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज हवं त्यापेक्षा वर, ४ म्हणजे खाली. हे दोन्ही विजेचे दोष. ० आणि १ आले तर गोष्ट उलटी: सेन्सर बरोबर सांगतोय, प्रेशर किंवा तापमानच खरोखर चढलंय किंवा पडलंय.

तुमचे तिन्ही सेन्सर तीन वायरींचे: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. बऱ्याच इंजिनांत ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) एकच ५ व्होल्टची लाइन दोन-तीन सेन्सरना वाटून देतो. त्यातला एक आतून शॉर्ट झाला, किंवा ती वायर कुठे ब्लॉकला घासून उघडी पडली, की अख्खी लाइन बसते आणि शेजारचे चांगले सेन्सरही बदनाम होतात. वायरिंग डायग्राम मिळवून तिघे एकाच लाइनवर आहेत का ते आधी बघा.

मग दोष आलेला असतानाच, म्हणजे इंजिन गरम असतानाच, इंजिन बंद करून लगेच चावी ऑन करा. बूस्ट सेन्सरचा प्लग काढून हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूला पुरवठा आणि अर्थ यांच्यात व्होल्टेज मोजा. ५ च्या आसपास हवं. २ किंवा ३ दिसलं तर मीटर तसाच लावून ठेवा आणि बाकीचे प्लग एकेक करून काढा. ज्याचा प्लग निघताच मीटर उडी मारून ५ वर येईल तो गुन्हेगार. सगळे काढूनही लाइन खालीच राहिली तर सेन्सर निर्दोष, वायरिंग शोधा.

मीटरची जाड सुई पिनमध्ये खुपसू नका. पिन फाकते आणि मग कायमचा लूज कॉन्टॅक्ट.

रात्रपाळी
काकांचं बरोबर, पण मी असतो तर आधी बॅटरी आणि अर्थ. सेल्फ मारताना ब्लॉक आणि बॅटरीची मायनस यांच्यात व्होल्टेज बघा. अर्धा व्होल्टच्या वर गेलं तर अर्थची पट्टी गंजली आहे. जुन्या मशीनला निम्मे भुताटकीचे कोड तिथूनच येतात.

मल्टिमीटर_काका
पट्टी बघायलाच हवी. पण अर्थ खराब असेल तर कोड सेल्फ मारतानाही येतात, आणि कसलेही येतात. इथे ठरलेले तीन, ते पण फक्त गरम झाल्यावर. मी ५ व्होल्टवरच पैज लावतो.

डिझेलवाला
एक सांगून ठेवतो. रेल प्रेशरचं नाव दिसलं म्हणून चालू इंजिनवर हाय प्रेशरचा पाइप सैल करायला कोणी जाऊ नये. तिथे प्रेशर हजार बारच्या वरही जातं, बारीक धारसुद्धा कातडीतून आत घुसते. रेल सेन्सर तपासायची सोपी रीत आहे: रात्रभर बंद असलेल्या इंजिनला फक्त चावी ऑन करून स्कॅनरवर रेल प्रेशर वाचा. शून्याच्या जवळ हवं. शे-दोनशे बार दाखवलं तर तो किंवा त्याची वायर खोटं बोलतेय.

नवा_मालक
धाग्यात घुसतोय, माफ करा. मीही जुनं मशीन बघायला चाललोय. घेण्याआधी सेन्सरचं काय बघू?

मल्टिमीटर_काका
विकणाऱ्याला सांगा, मी येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. थंड इंजिनवर चावी ऑन केली की पाण्याचं, हवेचं आणि डिझेलचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. बूस्ट सेन्सरने बाहेरच्या हवेचं प्रेशर दाखवायला हवं, समुद्रसपाटीला साधारण १०० केपीए. हवा ३० डिग्री आणि थंड इंजिनचं पाणी ८५ दिसलं तर समजा कोणीतरी सेन्सरच्या जागी रेझिस्टर टाकून टेप गुंडाळली आहे. नवी काळी टेप जुन्या हार्नेसवर लगेच ओळखू येते.

चावी ऑन केल्यावर चेक लाइट आधी लागून मग विझायला हवा. लागलाच नाही तर बल्ब गेलाय किंवा तो मुद्दाम काढलाय. कोडची यादी अगदी कोरी असेल तर मी उलट जास्त सावध होतो, कोणीतरी नुकतीच पुसलेली असू शकते.

पाण्याच्या तापमानाचा सेन्सर बहुधा दोन वायरींचा असतो. प्लग काढला की एफएमआय ३ यायला हवा, प्लगच्या दोन पिना तारेने जोडल्या की ४. कोड असा बदलला तर वायर आणि ईसीएम ठीक. तीन वायरींच्या सेन्सरवर हा प्रयोग करू नका, ५ व्होल्टची लाइन शॉर्ट कराल.

जुनं_यंत्र
काका, पैज जिंकलात. गरम असताना लाइनवर जेमतेम २ व्होल्ट होते. रेल सेन्सर काढला, फरक नाही. ऑइल प्रेशरचा प्लग काढला आणि मीटर सरळ ५ वर. प्लगच्या आत काळं तेल साचलंय. हा एकच बदलू ना?

मल्टिमीटर_काका
हो, एकच. त्याच्या आतली सील गेली आहे, तेल पिनांवर येतंय. नवा लावताना ऑइल प्रेशर मेकॅनिकल गेजनेही एकदा मोजून घ्या, भोक उघडं आहेच.

प्लग कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, पण तिथेच थांबू नका. तेल वायरीच्या आतल्या तारांमधून, आवरणाखालून पुढे सरकत जातं. बॅटरी काढून ईसीएमचा मोठा सॉकेट उघडा आणि त्या वायरीच्या पिना ओल्या आहेत का ते बघा. ओल्या असतील तर तेवढा तुकडा नवीन टाकावा लागेल, नाहीतर नवा सेन्सर लावूनही काही दिवसांनी इथेच याल.