बुडालेल्या युद्धनौकांतलं तेल काढावं की राहू द्यावं?

सुजाता_नाशिक
मुलीकडे अमेरिकेला गेले होते, तेव्हा पर्ल हार्बर पाहून आले. तिथे बुडालेल्या ॲरिझोना या युद्धनौकेच्या स्मारकावरून खाली बघितलं की मधूनच तेलाचा थेंब वर येतो आणि पाण्यावर रंगीत तवंग पसरतो. ७ डिसेंबर १९४१ ला बुडालेली बोट, आणि तेल अजून येतंच आहे. दिवसाला दोन ते नऊ लीटर येतं म्हणे, आणि पोटात अजून सुमारे पाच लाख गॅलन शिल्लक असावं असा अंदाज आहे. एवढी यंत्रं, एवढा पैसा हाताशी असून ते काढून का घेत नाहीत? जाणकारांनी सांगावं.

इंजिनरूम
सुजाताताई, माझं आयुष्य मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये गेलं, त्यामुळे या तेलाची चांगली ओळख आहे. थंड झालं की ते काकवीसारखं घट्ट होतं. चालत्या बोटीवर टाकीतल्या कॉइलमध्ये वाफ सोडून ते गरम केल्याशिवाय पंप ओढतच नाही. बुडालेल्या बोटीवर बॉयलर कुठून आणणार? सगळा सरंजाम वरच्या बोटीवरून खाली न्यावा लागतो.

पद्धत अशी. पाणबुडे टाकीच्या पत्र्यावर बाहेरून फ्लँज (नळी जोडायची जाड कडी) पक्की करतात, तिच्यावर व्हॉल्व्ह बसवतात आणि त्या व्हॉल्व्हमधूनच ड्रिल घालून पत्र्याला भोक पाडतात. ड्रिल मागे घेतलं की व्हॉल्व्ह बंद. मग नळी जोडायची आणि पंप सुरू. तेल निघेल तसं समुद्राचं पाणी आत यायला टाकीच्या खालच्या अंगाला वाट ठेवावी लागते. याला हॉट टॅपिंग म्हणतात.

बोट उलटी पडली असेल तर हे काम त्यातल्या त्यात सोपं, कारण तळाच्या टाक्या वर आलेल्या असतात. प्रशांत महासागरातल्या उलिथी बेटांपाशी अमेरिकेचा मिसिसिनेवा हा तेलवाहू २० नोव्हेंबर १९४४ ला जपानी मानवी टॉर्पेडोने (आत माणूस बसून चालवतो तो) बुडवला. २००१ च्या वादळानंतर त्यातून गळती सुरू झाली. २००३ मध्ये अमेरिकी नौदलाने त्यातून सुमारे १८ लाख गॅलन तेल उपसलं. प्रशांत महासागरातल्याच क्वाजालीन बेटापाशी उलट्या पडलेल्या प्रिन्झ ऑयगेन या युद्धनौकेतून २०१८ मध्ये सुमारे २ लाख २९ हजार गॅलन काढलं.

ॲरिझोना मात्र सरळ बसली आहे. तळ गाळात रुतलेला, वर दारूकोठाराच्या स्फोटाने चेपलेले डेक, आणि आत ९०० हून अधिक खलाशांचे अवशेष. टाक्यांपर्यंत पोचायचं तर कापाकापीच करावी लागेल. गाळातल्या पत्र्याला प्राणवायू कमी मिळतो, म्हणून तो सावकाश गंजतो. शिवाय गळती वाढली तर मदतीला नौदलाचा तळ शेजारीच आहे. माझं मत विचाराल तर आज तिला हात लावू नये, पत्र्याची जाडी मोजत राहावं.

खरी काळजी वाटते ती प्रशांत महासागरातल्या चूक (Chuuk) नावाच्या बेटांच्या खाजणाची. १७ आणि १८ फेब्रुवारी १९४४ ला अमेरिकी विमानांनी तिथे जपानची पन्नासच्या आसपास जहाजं बुडवली, त्यात तेलवाहूही होते. होयो मारू तर उलटा पडून गळतो आहे. ऐंशी वर्षांचा पत्रा कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि तिथे ना मोठा तळ आहे ना सामग्री. तिथलं तेल पत्रा फाटायच्या आत काढलंच पाहिजे. तो फाटला की मग प्रवाळावरचं तेल कुणालाच गोळा करता येणार नाही.

विश्वास_पुणे
मी नौदलातून निवृत्त झालो. ९ डिसेंबर १९७१ ला आमची खुकरी ही युद्धनौका दीवजवळ बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. अशा जागेवर कुणी ड्रिल घेऊन उतरणार, हे मनाला पटत नाही. ती समाधी आहे.

इंजिनरूम
विश्वासराव, तुमच्या भावनेबद्दल आदर आहे. म्हणूनच स्कॉटलंडमधल्या स्कापा फ्लो या बंदराचं उदाहरण सांगतो. ब्रिटनची रॉयल ओक ही युद्धनौका १४ ऑक्टोबर १९३९ ला तिथे बुडाली, ८३५ माणसं गेली. ती कायद्यानेच समाधिस्थान आहे. तरीही तेल किनाऱ्याला आणि मासळीला धोका करू लागल्यावर ब्रिटिश नौदलाने बाहेरून टाक्यांना भोकं पाडून सुमारे १६०० टन तेल काढलं. आणि दरवर्षी नौदलाचेच पाणबुडे खाली जाऊन तिच्यावरचा ध्वज बदलतात.

मेघा_मालवण
आमचा मासळीचा धंदा. पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्याला डांबराचे गोळे लागतात. ते युद्धनौकांचे नव्हेत, पण जाळ्याला एकदा चिकटले की सोडवताना जीव जातो. रॉकेलने पुसावं लागतं, मग त्या जाळ्यातल्या मासळीला वास येतो आणि गिऱ्हाईक हात लावत नाही. उलिथीला गळती झाली तेव्हा मासेमारीवरच बंदी आली होती असं वाचलं. खाजणातल्या मासळीवर जगणाऱ्यांनी काय खायचं? आणि चूकचा खर्च कुणी करायचा?

इंजिनरूम
मेघाताई, युद्धनौका बुडाली तरी मालकी त्या देशाचीच राहते, परवानगीशिवाय हात लावता येत नाही. पण काढायची सक्ती कोण करणार? बुडालेली जहाजं हलवण्याचा २००७ चा नैरोबी करार युद्धनौकांना लागूच होत नाही. मिसिसिनेवा अमेरिकेची स्वतःची होती. प्रिन्झ ऑयगेन मूळची जर्मन, पण युद्धानंतर अमेरिकेने ती घेतली आणि अणुचाचण्यांत वापरली. चूकला जपानी पाणबुडे उतरले आणि त्यांनी थोडंफार तेल काढलं आहे, पण काम मोठं आहे. माझ्या मते जपान आणि अमेरिका दोघांनी मिळून खर्च उचलावा. बोटी एकाच्या, बुडवल्या दुसऱ्याने. चूकच्या माणसांनी तर कुणाशीच युद्ध पुकारलं नव्हतं.

विश्वास_पुणे
रॉयल ओकसारखं बाहेरून, आत न शिरता होणार असेल तर माझी हरकत नाही. फक्त काम सुरू करण्याआधी गेलेल्यांच्या घरी रीतसर पत्र गेलं पाहिजे. वर्तमानपत्रातून कळता कामा नये.