माथेरानचे साहेबी बंगले: बघायचे की पडू द्यायचे?

रानवाट: काल 'स्पष्टवक्ता' यांनी लिहिलं की माथेरानला फिरायला जाणं म्हणजे गुलामगिरीच्या खुणांना नमस्कार करणं; ते जुने बंगले पडू द्यावेत, जंगलाने जागा परत घ्यावी. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट तिथे चढला, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्या भिंतींचे चिरे मॅलेटने घडवले का? १९०७ची नेरळ-माथेरान गाडी आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःचा पैसा घालून उभी केली. दोन रुळांत जेमतेम दोन फुटांचं अंतर, २१ किलोमीटर घाट! एकदा त्या बंगल्यांपाशी उभे राहा. लाल मातीचा डाग जोत्यापासून हातभर वर चढलेला, व्हरांड्याला माकडांसाठी जाळी, छपराच्या कौलांवर शेवाळ. हे काम आपल्या गवंड्या-सुतारांचं आहे. ते का पडू द्यायचं?

स्पष्टवक्ता: पीरभॉय यांचं मान्य. पण गाडी कोणाला वर न्यायला बांधली, तेही लिहा की. आणि बघायचं काय? बहुतेक बंगल्यांची फाटकं बंद. पर्यटक बाहेरून फोटो काढतो, चिक्की घेतो आणि उतरतो. साहेबाचा खरा वारसा बघायचा असेल तर हातरिक्षा बघा. माणूस माणसाला ओढतो, तेही एकविसाव्या शतकात.

कड्यावरची: हातरिक्षेचं मी सांगते. आईचे गुडघे गेलेत. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार जात नाही, तिथून गावात नेणाऱ्या शटल गाडीची तिकिटं संपलेली, मग करणार काय? पुढे एक ओढणारा, चढावर मागून ढकलणारे, आणि आई वाटभर मान खाली घालून बसलेली. बाजार येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२५मध्ये सांगितलं की सहा महिन्यांत हे बंद करा आणि ओढणाऱ्यांनाच ई-रिक्षा द्या. योग्यच सांगितलं.

टापा: योग्य तुमच्यासाठी. आमच्या घरात आजोबांपासून घोडे आहेत. आज ई-रिक्षा, उद्या टेम्पो, परवा तुमची गाडी थेट हॉटेलच्या दारात. आणि त्या चाकांसाठी पेव्हर ब्लॉक टाकतात, त्यावर पावसात घोड्याचा पाय सरकतो. घोडा पडला की काय होतं, पाहिलंय कधी?

कड्यावरची: मग आईला घोड्यावर चढवू? आणि पावसात लीद वाहून रस्ताभर पसरते, त्याबद्दल कोणी बोलायचं?

टापा: लीद मातीत जाते, ताई. तुमच्या वेफर्सच्या पिशव्या जात नाहीत. त्या दरीतून कोण काढतं, तेही विचारा.

स्पष्टवक्ता: घोडेवाल्यांच्या पोटासाठी रिक्षावाल्यांनी ओढतच राहायचं का?

टापा: असं मी म्हटलेलं नाही. रिक्षा ओढणारेही आमच्याच गावचे. त्यांना ई-रिक्षा मिळाल्या तर माझी ना नाही. पण फक्त त्यांनाच, आणि मोजक्या. बाहेरचा ठेकेदार आला तर आम्ही रस्त्यावर उतरू.

रानवाट: धागा बंगल्यांचा होता! कोणी भाई कोतवालांचं नावही काढलं नाही, याचा मला जास्त राग येतोय. १९१२मध्ये याच माथेरानला जन्मलेला माणूस. वकील झाला, बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता या आपल्या भूमिगत क्रांतिकारी गटासोबत विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. साहेबाच्या हवा खायच्या गावातच हा माणूस घडला. बंगले पाडलेत तर तो कशाविरुद्ध उभा राहिला, हे पोरांना कुठे दाखवणार?

स्पष्टवक्ता: कोतवालांचा मुद्दा जोरदार आहे, नाकारत नाही. पण मग तो प्रत्येक बंगल्याच्या फाटकावर लिहा. कोणत्या साहेबाने बांधला एवढंच नको. पाणी कोणी भरलं, पालखी कोणी उचलली, तेही लिहा. तसा फलक लागला तर बंगले राहू देत म्हणेन. तोवर माझं मत कायम.

टापा: फलक लिहिणार असाल तर आधी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आणि पेव्हर ब्लॉकचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.