सहा जणांच्या डिझाइन टीमला कोणतं सॉफ्टवेअर?

आम्ही सहा जण, पुण्यात. दोघांकडे मॅक, तिघांकडे विंडोज, एक लिनक्सवाली. अ‍ॅप-वेबसाइटचे स्क्रीन आखायला आजवर अडोबी एक्सडीवर भागवलं, पण २०२३ पासून त्यात नवं काही येत नाही. त्यात ‘फायनल_२_खरंच_फायनल’ असल्या फायलींनी जीव नकोसा केलाय. काय घ्यावं?

— स्केच विसरा, संपादन फक्त मॅकवर. फिग्मा ब्राउझरमध्ये चालतं, लिनक्सवालीचाही प्रश्न मिटला. सगळे एकाच फायलीत, म्हणजे ‘फायनल’ची भानगडच नाही.

— क्लायंटला फायली बाहेर नको असतील तर पेनपॉट बघा. मुक्तस्रोत आहे (कोड सगळ्यांना खुला), स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं. फक्त तो सर्व्हर कोण सांभाळणार हे आधी ठरवा. आमच्याकडे ते माझ्याच गळ्यात पडलं.

— क्लायंट पतसंस्था आहे, पण हट्ट बँकेचा! आधी दोन स्क्रीन पेनपॉटमध्ये करून बघतो.